पण जरा उरेब आहे

कमलबाई, आजपासून मी तुले ‘तू’ म्हणणार आहे. समोरासमोरच्या दारात इतकी वर्षं राहिलो अन् मी आपली तुमी-तुमी करत राहिली. तू वयानं मोठी, तूच मले शिवण शिकवलं, म्हणून जीभ कधी घसरू दिली नाही. भांडतानाही ‘तुमी माह्या जन्माचं वाटोळं केलं’ असंच मानानं म्हणलं. आता तू गेली. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावाले गेले. पंगतीत वाढायले मीच होती. लोकं म्हणत होते, इंदू घरच्यासारखी राबली. राबली खरी. पण माह्या मनात काय चालू होतं ते त्यायले कळतं, तर कोणी माह्या हातचं वरण पानात घेतलं नसतं.

तू कुठली, कोणाची, स्वभावानं कशी होती, ते सगळं लोकायनं बोलून झालं. मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसंच गोड गोड बोलले. मले त्यातलं काही बोलायचं नाही. मले एका शब्दाचं बोलायचं आहे, अन् कोणता ते तुले माहीत आहे.

तो शब्द तुह्याचकडून शिकली मी. नुकतीच शाळा सुटली होती, दादाले स्टील प्लांटमध्ये नोकरी लागली म्हणून आम्ही दुर्गहून भिलाईले राहाले आलो होतो. तू मले जमिनीवर बसवलं, एक चौकोनी कापड घेतलं, कोपऱ्यावर कोपरा ठेवून घडी घातली अन् त्या घडीवरून नख फिरवलं. म्हणली, “याले उरेब म्हणतात. उभ्या धाग्यानं नाही, आडव्या धाग्यानं नाही. दोघायच्या मधातून तिरपं. ओढून पाह्य.” मी उभं ओढलं, कापड हललं नाही. आडवं ओढलं, तरी नाही. तिरपं ओढलं तर सरकन लांबलं अन् सोडल्यावर परत जागेवर आलं. मले हसूच आलं. तू म्हणली, “झंपराच्या गळ्याले सरळ पट्टी लावशील तर चुण्या पडतील. उरेब पट्टी लाव. गळा जसा वळतो तशी ती वळते.”

तेव्हा आपल्या सेक्टरात अर्धे क्वार्टर उभे होते अन् अर्ध्यायचे नुसते पाये खणलेले होते. जिकडे पाहा तिकडे दोऱ्या ताणलेल्या, चुन्याच्या रेघा मारलेल्या, सगळं काटकोनात. घरं इतकी सारखी की माह्या आईनं दोनदा दुसऱ्याच्याच घरात भाजीची पिशवी नेऊन ठेवली. त्या सगळ्या सरळ कारभारात तुह्याजवळ हा एक तिरपा शब्द होता, अन् तू तो कुठंही वापरायची. पावर हाउसच्या बाजाराले जायले सडक होती, पण आपण बाया मुरमाच्या ढिगाऱ्यामधून तिरप्या पायवाटेनं जायचो. तू तिले उरेब रस्ता म्हणायची. दुपारी ओट्यावर ऊन आलं की “ऊन उरेब झालं, चहा ठेवा.” तुहा नवरा, आमचे भाऊजी, ड्यूटीवर जाताना टोपी घालत, ती उरेब. गवंड्यानं तुह्या मोरीचा कट्टा वाकडा बांधला, तेव्हा तू त्याले म्हणली, “अरे भैया, ये उरेब कट्टा मैं किसके झंपर में लगाऊं?” तो बिचारा छत्तीसगढी माणूस, त्याले काही समजलं नाही, तो हसला अन् तुह्याजवळून चहा पिऊन गेला. कट्टा तसाच राहिला.

अन् प्लांट बांधायले आलेल्या रशियन साहेबाची ती मेम आठवते का? फ्रॉकचं कापड घेऊन आली होती. तिची भाषा आपल्याले येईना, आपली तिले येईना. तिनं कापडावर बोटानं तिरपी रेघ ओढून दाखवली. तू म्हणली, “उरेब.” ती म्हणली, “उरेब.” झालं, काम पक्कं. मंग कधीही सडकेवर दिसली की तुह्याकडे पाहून हात हालवायची अन् नमस्ते म्हणावं तसं “उरेब” म्हणायची. तूही तितक्याच मानानं तिले “उरेब” म्हणायची. आम्ही पोरी पोट धरून हसायचो.

म्हणजे पाहा, रस्ताही उरेब, ऊनही उरेब, गवंड्याची चूकही उरेब अन् मेमसाबचा नमस्कारही उरेब. कोणत्या वेळी तू नाव ठेवून राहिली अन् कोणत्या वेळी कौतुक करून राहिली, ते तुह्या तोंडाकडे पाहूनच समजायचं. जो तुह्या तोंडाकडे पाहून समजू शकत नव्हता, त्याच्यासमोर तू तो शब्द काढायचाच नव्हता.

पण तू काढला. तोही गोंदियाच्या बाईसमोर.

स्थळ चांगलं होतं. मुलगा रेल्वेत, माल बाबू. बाबाही रेल्वेत होते, म्हणून ओळखीतून आलं होतं. ती माणसं आमच्या घरी यायच्या आधी मुलाची आई कोपऱ्यावर तुहं मराठी घर पाहून थांबली. पाणी मागतलं अन् विचारलं, समोरची पोरगी कशी आहे. तुह्या तोंडात टाचण्या होत्या. हे तूच नंतर सांगतलं. दातात टाचण्या धरून, मान वर न करता, तू म्हणली, “पोरगी चांगली आहे. पण जरा उरेब आहे.”

तिनं ऐकलं, पण जरा ऐब आहे.

आता तिचं तरी काय चुकलं म्हणू. इकडे अर्धं बोलणं हिंदीतच चालते. ऐब म्हणजे खोट, हे लहान लेकरालेही माहीत. उरेब हा शब्द शिवणाऱ्यायचा, तो तिनं जन्मात ऐकला नसेल.

ती आमच्या घरी आली अन् पोह्याले हात लावला नाही. मले चालायले लावलं. परत चालायले लावलं. भरलेली कळशी उचलायले सांगतली. मागून हळूच नाव घेऊन पाहिलं, ऐकू येते का ते. आई गोंधळून गेली. तो मुलगा मात्र बशीतले शेंगदाणे वेचून वेचून खात होता, अन् एकदा माह्याकडे पाहून, आईच्या नकळत, जरासा हसला. मले तो आवडला होता, कमलबाई. हे मी कोणालेच सांगतलं नाही. आईले नाही, तुलेही नाही. आज सांगून राहिली, कारण आता तू कोणाजवळ बोलू शकत नाही.

त्यायचा निरोप आला की तुमच्याच शेजारणीनं सांगतलं, पोरीत ऐब आहे. बस. दुर्गपासून गोंदियापर्यंत आपली मराठी माणसं रेल्वेतच भरलेली. बातमी गाडीसोबतच स्टेशना-स्टेशनावर उतरली. कोणता ऐब, ते कोणाले माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकानं आपल्या मनानं एकेक घातला. कोणी म्हणे पोरीले फिट येतात. कोणी म्हणे पाठीवर कोड आहे. एका लांबच्या काकूनं तर माह्या आईलेच विचारलं, पोरीले संध्याकाळनंतर दिसते का. खोट सांगतली असती तर ती खोटी आहे म्हणून दाखवता आली असती. जी सांगतलीच नाही ती कशी दाखवायची? मी काय चौकात पाठ उघडी करून उभी राहणार होती?

त्यानंतर जी दोन-चार स्थळं आली, ती दारातूनच गेली. मंग तीही यायची बंद झाली.

आई अन् मी तुह्याकडे आलो, तेव्हा तू मशीनवर होती. आई रडून राहिली होती अन् तू पाय थांबवला नाही. म्हणली, “मी ऐब कुठं म्हणलं? उरेब म्हणलं. त्या बाईच्या कानाले मी काय करू?”

आई म्हणली, “मंग गोंदियाले जाऊन सांगा. एवढं एक वाक्य सांगून या.”

“सांगीन ना,” तू म्हणली.

तू गेली नाही. आधी तुही पोरगी शालू आजारी होती. मंग भाऊजीची शिफ्ट बदलली. मंग उन्हाळा आला. मंग तू म्हणायले लागली, आता जाऊन काय उपयोग, लोकं म्हणतील शेजारीण झाकायले आली. मुलाचं लग्नही होऊन गेलं. गोंदिया काही काशी-रामेश्वर नव्हतं, कमलबाई. सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी घरी येता येत होतं. पण तुह्या पायाले माह्यासाठी तेवढं लांब पडलं.

मंग मीही ठरवलं. दादाच्या मागं लागून मशीन घेतली अन् ओट्यावर ठेवली, तुह्या दाराच्या बरोबर समोर. मागच्या खोलीत उजेड जास्त चांगला होता, तरी समोरच ठेवली. तुह्या गिऱ्हाइकायले जाता-येता मी दिसली पाहिजे, एवढंच मले पाहिजे होतं. तू दोन दिवस म्हणायची ते मी एका दिवसात द्यायची. पंजाबी बाया आल्या, बंगाली आल्या, मद्रासी आल्या. तुही ती मेमसुद्धा एक दिवस माह्या ओट्यावर येऊन “उरेब” म्हणली, अन् मी तुह्याकडे पाहत पाहत तिचं माप घेतलं. तू खाली मान घालून काज करून राहिली होती. मले वाटलं होतं तू चिडशील, भांडशील, निदान दार लावशील. तू काही केलं नाही. त्याचाही राग आला. सूड घ्यायचा अन् समोरच्यानं हूं का चूं करायचं नाही, यात काय मजा.

अन् मंग ते चुडीदार. आता एवढं सगळं बोलून राहिली तर तेही बोलते. पंजाबी बाईनं दिल्लीहून आणलेलं साटिन होतं, तिच्या बहिणीच्या लग्नाचं. चुडीदार उरेबच कापावं लागते, नाही तर पायाले बसत नाही. मी घाईत उलटं ठेवलं अन् दोन्ही पाय एकाच बाजूचे कापले. कापड अजून मिळणार नव्हतं. मी दार लावून रडून राहिली होती. तू मोरीच्या बाजूनं मागच्या दारातून आली. तुले कसं समजलं, देव जाणे, कदाचित मशीन बंद पडलेली ऐकली असशील. तू कापड पाहिलं, मले पाहिलं नाही. “रडू नको, कापड पाह्य,” एवढंच म्हणली. खाली बसली, उरलेल्या तुकड्यातून जोड काढला अन् असा लावला की गुडघ्याच्या मागच्या चुण्यात तो दिसेचना. जाताना म्हणली, “जोडही उरेबच देत जा. सरळ दिला की चालताना उसवते.” अन् गेली. कोणालेही बोलली नाही. ती पंजाबीण आजही ते चुडीदार घालते अन् माही तारीफ करते.

त्या दिवसापासून माहं भांडण अजून बिघडलं. दुष्ट माणसाचा राग करणं सोपं आहे. तुहा राग करायले मले रोज नव्यानं जोर लावावा लागायचा, अन् मी तो लावला.

मी तुले कितीदा विचारलं. पाणी भरताना, बाजाराच्या वाटेवर, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना. “चांगलंच म्हणायचं होतं, तर ‘पण’ कावून म्हणलं? चांगली आहे, पण. हा पण कशाले?” उरेबचं भांडण मी कधीच सोडून दिलं होतं. माहं भांडण त्या ‘पण’शी होतं. चांगलं सांगताना कोणी मधात पण घालते का?

तू बाकी सगळं टाळायची. एकदाच उत्तर दिलं, मागच्या दिवाळीत, दोघी ओट्यावर रांगोळी काढत होतो तेव्हा. म्हणली, “अवो, सरळ कापड कोणाच्याही हाती द्या, चालून जाते. उरेबले जपून शिवावं लागते. हिसका दिला की ते वाकडं होते अन् मंग सरळ होत नाही. त्या बाईचा हात मले हिसक्याचा वाटला. म्हणून पण.”

मी हातातला रंग ताटलीत परत टाकला. मंग म्हणलं, “हे तिले सांगायचं होतं तुमी.”

तू म्हणली, “तोंडात टाचण्या होत्या ना.”

मले हसू आलं अन् ते आलं म्हणून मी उठून घरात गेली. बाकीची रांगोळी तू एकटीनंच पूर्ण केली.

भांडण तिथंच राहिलं. मले वाटलं, पुढच्या दिवाळीत पुढचं विचारू. अन् तू? सकाळी ओट्यावर मशीनले तेल देत होती, दुपारी छातीत दुखते म्हणली, अन् संध्याकाळी भाऊजी दवाखान्यातून एकटेच आले. सगळ्या बाया रडल्या. मी नाही रडली. मले राग आला होता, भयंकर. भांडण अर्ध्यावर ठेवून कोणी असं उठून जाते का? तुह्या अंगावर घालायले नवं झंपर पाहिजे होतं, ते मीच शिवलं. गळ्याची पट्टी चार वेळा उसवली. मनासारखी बसतच नव्हती.

आता पुढचं ऐक. तू असताना शालूसाठी राजनांदगावचं बोलणं चालू होतं, ते तुले माहीत आहे. तेरवी झाल्यावर मुलाची आई आली. तुह्या घरी जायच्या आधी माह्या ओट्यावर थांबली. समोरच मराठी घर, मंग कोणीही इथंच थांबणार. पाणी प्यायली अन् विचारलं, “समोरची पोरगी कशी आहे हो?”

कमलबाई, या प्रश्नाची मी किती वाट पाहिली असेल, तुले अंदाज नाही. तुही शालू फ्रॉक घालून फिरायची, तेव्हापासून. मशीन चालवता चालवता मी मनात शंभर उत्तरं तयार केली होती. एक शब्द पुरला असता. माह्या तोंडातही टाचण्या होत्या. समोर तुह्या दारात शालू उभी होती, पांढरीफटक. तिले सगळं माहीत आहे. गल्लीत कोणाले माहीत नाही? ती माह्याकडे पाहत होती अन् पापणी हालवत नव्हती. मी तिले बराच वेळ तसंच उभं ठेवलं. ते मले गोड लागलं, खोटं कावून बोलू.

मंग मी टाचण्या तोंडातून काढल्या, एकेक करून उशीत खोचल्या, अन् मोकळ्या तोंडानं म्हणलं, “पोरगी सोनं आहे. हात जपून ठेवा.” पण-बिण काही लावलं नाही. पाहून घे, असं सांगतात.

लग्न ठरलं. तुह्या पोरीले मी काही केलं नाही. माहं भांडण तिच्याशी नव्हतंच.

पण तुले सोडलं नाही. त्याच संध्याकाळी शालू आली, माह्या पाया पडली, खूप रडली. अन् मंग विचारलं, “मावशी, आई तेव्हा तुमच्याबद्दल खरंच काय म्हणली होती? ती मले म्हणायची, उरेब म्हणली, टाचण्या होत्या म्हणून तिकडे ऐब ऐकू गेलं.”

मी म्हणलं, “टाचण्या नव्हत्या. तुही आई स्वच्छ बोलली. ऐबच म्हणली.”

“पण आई तर...”

“ते नंतर. लोकं विचारायले लागले तेव्हा तिनं ते उरेबचं काढलं.”

शालू माह्या मशीनवरचा दोऱ्याचा तुकडा उचलून बोटाले गुंडाळत बसली, मंग उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं तुह्या फोटोचा सुकलेला हार काढला, नवा घातला नाही. मी ओट्यावरून पाहिलं. आजही तो तसाच आहे, बिनहाराचा. शेजारणी विचारतात तर ती म्हणते, फुलं मिळाली नाही.

आता तुले समजलं असेल कसं लागते. एका शब्दानं माणूस वाईट ठरते अन् त्याले जाऊन समजावता येत नाही. माह्यावेळी तुले गोंदिया लांब पडलं. आता तर तुहं स्वतःचंच घर आहे, तुहीच पोरगी आहे. ये अन् सांग तिले, तू काय म्हणली होती अन् कावून म्हणली होती. मी मधात बोलणार नाही. ये ना, कमलबाई. तू आल्याशिवाय मी तिले खरं सांगणार नाही.